चोर्ल्याच्या चढणीला कमी पडणारी रोटरी

वाचकाचा प्रश्न

गोव्यातल्या मये येथील एका वाचकाकडे २००५ सालची माझदा आरएक्स-८ आहे. काका इंग्लंडमधल्या नोकरीवरून कायमचे परतले तेव्हा गाडी सोबत घेऊन आले. उजव्या बाजूचं स्टिअरिंग, सहा गिअर, रोटरी इंजिन. काकांनी ती पुढे पुतण्याच्या नावावर केली. वाचक रोज पणजीला कामाला जातात, बहुतेक वेळा चोडणहून फेरीबोट धरून. आठवड्यातून एक-दोनदा पत्नी गाडी नेते. वाचक लिहितात: “कागदावर २३१ अश्वशक्ती आहे, पण चोर्ला घाटात मित्राची १.८ टीएसआय ऑक्टाव्हिया मला सहज मागे टाकते. खालून दमच नाही. मुंबईच्या एका ट्यूनरने टर्बो बसवून तीनशेपर्यंत नेतो म्हणून सांगितलंय, खर्च साडेपाच लाख. दुसरा मित्र म्हणतो पोर्टिंग कर. पत्नी म्हणते, गाडीला हात लावू नका. टर्बो बसवूनही गाडी रोजच्या वापराची राहील का? बाकी गाडी उत्तम आहे. फेरीतून उतरताना गरम इंजिन पटकन पेटत नाही, तीन-चारदा स्टार्टर मारावा लागतो, पण रोटरी म्हटल्यावर ते चालायचंच.”

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), पोर्टिंग (हवेची भोकं घासून मोठी करणं), साडेपाच लाख हे थोडं बाजूला ठेवू आणि आधी त्या ओळीकडे बघू. तुमच्या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर तिथेच आहे.

गरम इंजिन न पेटणं हे ‘चालायचंच’ या सदरात बसत नाही. तब्येतीने ठणठणीत असलेली आरएक्स-८ गरम असतानाही किल्ली फिरवल्याबरोबर सुरू होते. थंड असताना सुरळीत पेटायचं आणि तापल्यावर अडून बसायचं, ही रोटरीचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, उतरत चालल्याची नेहमीची खूण आहे. या इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, एक कप्पा दुसऱ्यापासून बंद ठेवतात. दोन्ही बाजूंना साइड सील असतात. हे सील झिजले किंवा कार्बन बसून आपल्या खाचेत अडकले, की दाब निसटतो. इंजिन थंड असताना घट्ट ऑइल थोडीफार गळती झाकून नेतं. तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि झाकलेलं उघडं पडतं. त्यात स्टार्टर जुना असेल, बॅटरी थकलेली असेल, तर इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही आणि पेटण्यापुरता दाब तयारच होत नाही.

आता तुमचा रोजचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. मयेहून चोडणच्या धक्क्यापर्यंत येईतो इंजिन पुरतं तापलेलं असतं. तुम्ही गाडी फेरीत चढवता आणि इंजिन बंद करता. मांडवी ओलांडायला लागतात तेवढी मिनिटं बॉनेटखाली वारा नाही, आतलं पाणी फिरत नाही, त्यामुळे हाउसिंगमधली, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचातली, उष्णता तिथल्या तिथे साचते. रायबंदरला रॅम्प टेकला, मागच्या स्कूटर सुरू झाल्या, की तुम्ही किल्ली फिरवता. गरम रोटरीची यापेक्षा कडक परीक्षा मुद्दाम ठरवून घेणंही कठीण आहे. फेरी तुम्हाला रोज एक निकाल सांगते आहे, तो मनावर घ्या.

म्हणून पहिलं काम कॉम्प्रेशन टेस्ट, आणि तीही रोटरीसाठी बनवलेल्या टेस्टरवर. साध्या गाड्यांचा गेज रोटरीला लावला तर तो रोटरच्या तीन कप्प्यांपैकी ज्याचा दाब जास्त तेवढाच धरून ठेवतो, बाकी दोघांचं काय चाललंय ते कळत नाही. रोटरीचा टेस्टर तुमच्या इंजिनातल्या दोन रोटरचे प्रत्येकी तीन, असे एकूण सहा आकडे देतो, आणि त्या वेळी इंजिन किती फेऱ्यांनी फिरत होतं तेही नोंदवतो. माझदाचा हिशेब मिनिटाला २५० फेऱ्यांचा आहे. त्या वेगाला निरोगी इंजिनात दाब साधारण ८.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो आणि ६.९ ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या कप्प्यांमध्ये १.५ पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरमध्ये १ पेक्षा जास्त नको. टेस्ट इंजिन गरम असतानाच करायची. थंड इंजिनावर काढलेले आकडे तुमच्या फेरीच्या प्रश्नाला उपयोगाचे नाहीत.

टेस्टर मिळेपर्यंत कानाने अंदाज घेता येतो. इंजिन गरम करा, बंद करा, फ्युएल पंपाचा रिले काढा, प्लगला वीज देणाऱ्या चारही कॉइलचे कनेक्टर सोडवा. एका रोटरचा एक स्पार्क प्लग काढा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून दुसऱ्या कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि तुम्ही बॉनेटपाशी उभं राहून ऐका. प्लगच्या भोकातून फुस्, फुस्, फुस् असे सारख्या जोराचे, सारख्या अंतराचे आवाज यायला हवेत. फुस्, फुस् आणि मग एक बसका, पोकळ सुस्कारा येत असेल, तर त्या कप्प्याच्या सीलने साथ सोडली आहे. प्लग परत लावून दुसऱ्या रोटरवर हेच करा. हे ऐकायला रोटरीचा खास मेकॅनिक लागत नाही, डिचोलीतला कुठलाही जाणता मेकॅनिक मदतीला चालेल. फक्त यावरून ‘सगळं ठीक’ असा निर्णय देऊ नका. कानाला बिघाड कळतो, तब्येत किती उरलीय ते कळत नाही.

मुंबईच्या ट्यूनरला एकच प्रश्न विचारा: रोटरीचा कॉम्प्रेशन टेस्टर तुमच्याकडे आहे का? सहा आकडे न बघता ज्याने टर्बोचा भाव सांगितला, त्याच्या हाती मी ही गाडी देणार नाही. माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या इंजिनात काय उरलं आहे हे त्यालाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, आणि बिल मात्र तुमच्या नावाने फाटणार आहे.

आकडे चांगले आले तर आनंदच आहे. मग गरम असताना न पेटण्याचं कारण बॅटरी, स्टार्टर किंवा कॉइलमध्ये शोधायचं. माझदाने पुढच्या वर्षांच्या गाड्यांना जास्त ताकदीचा स्टार्टर दिला, तो आधीच्या गाड्यांना बसतो आणि इंजिन जास्त वेगाने फिरवतो. पण नवा स्टार्टर घातला, गाडी पेटू लागली, म्हणून टेस्ट टाळू नका. उतरलेलं कॉम्प्रेशन चांगल्या स्टार्टरमागे बराच काळ लपून राहतं.

कॉइलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या गाड्यांची अर्धी दुखणी तिथून सुरू होतात. आरएक्स-८ ला चार इग्निशन कॉइल आहेत आणि त्या ब्रेक पॅडसारख्या झिजणाऱ्या वस्तू समजूनच वापरायच्या. ५० हजार किलोमीटरच्या आत-बाहेर त्या कमजोर पडू लागतात. कॉइल कमजोर झाली की थोडं पेट्रोल न जळता बाहेर जातं. ते धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (कॅट) जाऊन पेटतं, कॅट आतून वितळू लागतो, सायलेन्सरचा मार्ग चोंदतो, गरम वायू मागे तुंबतात आणि ती उष्णता परत सीलवर येते. शेवटी माणूस म्हणतो, रोटरी इंजिनं टिकत नाहीत. वीस वर्षांच्या गाडीला कॉइल, वायरी आणि प्लग एकदम बदलणं हा मी पहिला खर्च मानतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरचा थरथराट, वर जाताना अडखळणं, यातलं बरंच तिथल्या तिथे जातं.

आता दुसरं गृहीतक. तुम्ही म्हणता, कागदावर २३१. पण तुमच्या गाडीत आज त्यातले किती शिल्लक आहेत? हे इंजिन आपला श्वास टप्प्याटप्प्याने मोकळा करतं. साधारण ३,७५० आरपीएमला दुय्यम पोर्टची, म्हणजे हवा आत यायच्या दुसऱ्या भोकाची झडप उघडते, ६,२५० च्या सुमारास जादा पोर्ट उघडतात, ७,२५० ला हवेच्या वाटेची लांबी बदलणारी झडप. हे भाग कार्बन बसून चिकटतात. ज्या गाड्या कायम तीन हजाराच्या खाली चालवल्या जातात त्यांच्यात तर हमखास. जादा पोर्ट बंदच राहिले तर वरची सगळी ताकद गायब होते, डॅशबोर्डवर दिवा लागेलच असंही नाही. तुमची गाडी ७,००० च्या पुढे उसळते की तिथे थकते? पत्रात याबद्दल काहीच नाही, आणि माझा कयास असा की तिथवर तुम्ही क्वचितच जाता.

याचं कारण मी समजू शकतो. पिस्टनच्या गाडीत काटा सहा हजारावर गेला की आपला पाय आपोआप सैल होतो, इंजिन ओरडतंय असं वाटतं. रोटरीत काटा जो आकडा दाखवतो तो मधल्या शाफ्टचा. रोटर स्वतः त्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो. नऊ हजाराला रोटर तीन हजार. इंजिन पुरतं गरम झाल्यावर त्याला वर नेणं ही त्याची गरज आहे, त्याने कार्बन झडतो आणि त्या झडपा हलत्या राहतात. यासाठी कायदा मोडायला नको: तुमच्या गाडीत पहिल्या गिअरला ८,००० म्हणजे ताशी जेमतेम ५५-५७ किलोमीटर. गावाबाहेरचा मोकळा, सरळ रस्ता बघून दिवसातून एकदा तेवढं करा. अट एकच, इंजिन थंड असताना कधीही नाही.

आणि हाच धागा चोर्ल्याला जातो. केरी सोडल्यावर चढण सुरू होते, वळणांमुळे वेग चाळीस-पन्नासच्या घरात. तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये असता असं मी धरतो. तिसऱ्यात ताशी ४५ म्हणजे इंजिन २,७०० च्या आसपास. तुमच्या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, २११ न्यूटन मीटर, तोही ५,५०० ला. मित्राच्या ऑक्टाव्हियाला २५० न्यूटन मीटर १,२५० पासूनच मिळतात. त्याची अश्वशक्ती १८०, तुमची २३१, तरी त्या वळणावर तो पुढे जाणारच. तो त्याच्या गाडीच्या भरात आहे आणि तुमची अजून जागीही झालेली नाही. तिथेच दुसरा गिअर घ्या: त्याच ४५ ला इंजिन ३,८०० वर येतं, दुय्यम पोर्ट उघडलेले असतात, आणि ६५ ला पोचेपर्यंत तुम्ही नेमके ५,५०० वर असता. रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, फक्त गिअर बदलून तोच घाट चढून बघा. मित्राला सोबत नेऊ नका, शर्यत करायची नाही आहे. आपली गाडी कुठल्या आरपीएमला काय देते हे शांतपणे समजून घ्यायचं आहे.

हे करूनही तुम्हाला वाटू शकतं की मला दोन हजारापासूनच ओढ हवी, सारखे गिअर बदलायचे नाहीत. ती अपेक्षा चुकीची नाही. पण मग मनाशी एकदा स्पष्ट होऊ द्या की तुम्हाला ऑक्टाव्हियासारखी गाडी हवी आहे. आरएक्स-८ ला साडेपाच लाख लावूनही ती तशी होणार नाही. टर्बोने टॉर्क वाढतो हे खरं, पण तो टर्बो फिरायला लागल्यावर. दोन हजाराला, फेरीच्या रॅम्पवर किंवा पर्वरीच्या कोंडीत, टर्बो लावलेली आरएक्स-८ जवळजवळ आत्ताइतकीच असेल, वर सगळं जास्त गरम.

टर्बोविषयी माझं मत सरळ सांगतो. या इंजिनात कॉम्प्रेशनचं प्रमाण १०:१ आहे. माझदाने स्वतः जेव्हा रोटरीला टर्बो लावले, उदाहरणार्थ शेवटच्या आरएक्स-७ मध्ये, तेव्हा ते ९:१ ठेवलं होतं. शिवाय आरएक्स-८ मध्ये धूर बाहेर पडायचे पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये आहेत आणि मधला पोर्ट दोन्ही रोटरना सामाईक, त्यामुळे तो भाग आधीच सगळ्यात जास्त तापतो. टर्बो नेमका तिथे भर घालतो. पिस्टनचं इंजिन नॉकिंगचे (मिश्रण अवेळी भडकण्याचे) एक-दोन धक्के कधीकधी सोसून जातं. रोटरीत एक जोराचा धक्का एपेक्स सील फोडायला पुरतो, आणि फुटलेला तुकडा बाहेर पडताना हाउसिंगवर चरा ओढून जातो. मग नुसते सील बदलून भागत नाही, हाउसिंगच नवं लागतं. भारतात माझदाने ही गाडी कधी विकलीच नाही. ते हाउसिंग इंग्लंडहून किंवा जपानहून येणार, कस्टममधून सुटणार, आणि तोवर गाडी ताडपत्रीखाली.

यात आपल्या पेट्रोलची भर आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला हवा आणि इंधन साधारण १४.७ ला १ असं लागतं. ई-२० ला तेच साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन. हळू चालवताना सेन्सर ही कसर भरून काढतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरलेल्या नकाशाने, म्हणजे मॅपने, इंधन सोडतो, आणि तो नकाशा इंग्लंडच्या पेट्रोलवर बनवून ई-मेलने आलेला असेल, तर ऐन भाराखाली मिश्रण पातळ पडतं. टर्बो, पातळ मिश्रण, एप्रिल महिना आणि घाटाची चढण, हे चार एकत्र आले की सील फुटायला वेळ लागत नाही. ज्याला टर्बो लावायचाच आहे त्याने ट्यूनरकडून लेखी घ्यावं: मॅपिंग इथल्या पंपाच्या पेट्रोलवर, आपल्या गाडीवर, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) होईल, आणि पावसाळा व उन्हाळा दोन्ही बघून एकदा परत तपासलं जाईल.

टर्बो लावून नीट चालणाऱ्या आरएक्स-८ जगात आहेत. त्यांच्या मालकांनी आधी इंजिन नवं करून घेतलं, रेडिएटर आणि ऑइल कूलर वाढवले, बूस्ट (टर्बोचा दाब) कमी ठेवला आणि घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी ठेवली. तुमच्या साडेपाच लाखांत यातलं काय काय धरलेलं आहे ते ट्यूनरला ओळीने लिहून द्यायला सांगा. क्लच धरलाय का? कूलिंग धरलंय का?

१९९१ साली फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत माझदाने ७८७बी या चार रोटरच्या शर्यतीच्या गाडीने जिंकली. ते इंजिन नऊशेच्या वर अश्वशक्ती देऊ शकत होतं. शर्यतीत मात्र फेऱ्यांची मर्यादा ९,००० वर बांधून ते सातशेच्या आसपास चालवलं, कारण चोवीस तास टिकायचं होतं. तुम्हाला ही गाडी वर्षानुवर्षं रोज पणजीला न्यायची आहे.

पोर्टिंगचं थोडक्यात. ब्रिज पोर्ट, म्हणजे पोर्टच्या बाजूला जादा भोक पाडणं, हा रोजच्या गाडीचा विषय नाही: आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) वर जातं, इंजिन थांबल्या जागी दणके देतं, पेट्रोल बेसुमार जातं आणि पीयूसीला अडचण येते. सौम्य स्ट्रीट पोर्ट, म्हणजे आहे तोच पोर्ट थोडा मोठा करणं, चालतो, पण आरएक्स-८ चे पोर्ट मुळातच मोठे असल्याने हाती फार लागत नाही. इंजिन दुसऱ्या कारणाने उघडलंच असेल तर कडा गुळगुळीत करून घ्या, त्यासाठी म्हणून उघडू नका. हलकं फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं वजनी चाक) मोहात पाडतं, इंजिन झटकन वर चढतं. मात्र गाडी सोडताना क्लचवर बंद पडायची शक्यता तेवढीच वाढते.

इथे तुमच्या पत्नीचं म्हणणं येतं. ‘गाडीला हात लावू नका’ या वाक्यात मला विरोध ऐकू येत नाही, अनुभव ऐकू येतो. जुलैमध्ये, ओल्या रॅम्पवर, पुढे बस आणि मागे रांग असताना, पेटेल की नाही याची खात्री नसलेली गाडी त्याही चढवतात. त्यांच्या पायाखाली उद्या जड रेसिंग क्लच आणि हलकं फ्लायव्हील आलं तर? पुढे इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) बसवून बंपर आणखी खाली आला तर? रॅम्पच्या कडेला आत्ताच तो कधीतरी घासत असणार, आणि ऑइल कूलर त्याच बंपरमागे आहेत. रोजच्या वापराची गाडी म्हणजे काय, हे एका संध्याकाळी दोघांनी बसून कागदावर लिहा. एका किल्लीत पेटली पाहिजे, क्लच हलका हवा, एसी लावून कोंडीत तापता कामा नये, जे काही तुम्हा दोघांना सोडायचं नसेल ते. मग त्या कागदासकट ट्यूनरकडे जा. आधी ताकद ठरवून नंतर सोय शोधणारे लोक वर्षभरात गाडी विकायला काढतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं उलटून गेली आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ती तपासणीला उभी राहणार. न कळवलेला बदल विमा कंपनीला क्लेम नाकारायला पुरेसा असतो. पिस्टनचं इंजिन टाकायचा सल्ला कोणी देईल, तो तर आरसीवरच्या इंजिन क्रमांकापासून अडतो, शिवाय मग ही गाडी ठेवायचं कारणच उरत नाही.

आता पैशांचा क्रम, माझ्या मते. सगळ्यात आधी टेस्ट. तिच्यासोबतच कॉइल, वायरी, प्लग, बॅटरी, हवेच्या झडपांची सफाई, आणि कॅट चोंदला आहे का याची तपासणी. त्यानंतर तापमान. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बराच वेळ मध्यावरच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा एक साधा ओबीडी रीडर लावून फोनवर खरा आकडा बघत जा. १०५ अंश ओलांडले की एसी बंद, वेग कमी, आणि कारण शोधल्याशिवाय पुढचा घाट नाही. रेडिएटर आतून-बाहेरून साफ, कूलंटचं झाकण नवं, पंखे दोन्ही फिरतात का ते बघा. ऑइलची डिपस्टिक दर दुसऱ्या टाकीला. हे इंजिन सील ओले ठेवायला स्वतःच थोडं थोडं ऑइल जाळतं, त्यामुळे ऑइल कमी होणं हा बिघाड नाही, पण भरायचं विसरणं महागात पडतं. पेट्रोलमध्ये थोडं चांगल्या प्रतीचं टू-स्ट्रोक ऑइल मिसळणारे बरेच जण आहेत, मीही त्या बाजूचा आहे. आणखी एक सवय लावून घ्या: अंगणातून दारात गाडी काढायची म्हणून थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करू नका. त्याने प्लग पेट्रोलने भिजतात आणि पुढच्या वेळी गाडी पेटत नाही. सुरू केलीत तर तापमानाचा काटा वर येईपर्यंत चालू राहू द्या.

एवढं झाल्यावर इंजिन निरोगी निघालं तर उरलेल्या पैशांतून चांगले टायर, ब्रेक पॅड, इंजिन माउंट, सस्पेन्शनचे बुश आणि व्हील अलाइनमेंट करा. वळणाच्या रस्त्यावर ही गाडी ऑक्टाव्हियापेक्षा कितीतरी सरस आहे, इंजिनाचं वजन पुढच्या चाकांच्या मागे आणि खाली असल्यामुळे. चोर्ल्याला तुमचा आनंद तिथे आहे. टेस्टमध्ये आकडे ६.९ च्या खाली निघाले, तर साडेपाच लाखांचा मोठा भाग रीबिल्डला राखून ठेवा, सगळे सुटे भाग हातात आल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका, आणि तेवढे महिने दोघांच्या येण्याजाण्याची सोय आधी लावा. पावसाळा संपल्यावर काम काढलं तर बरं.

अशीच पत्रं शेवटच्या आरएक्स-७ वाल्यांचीही येतात. त्यांच्या इंजिनाला दोन टर्बो मुळातच आहेत, त्यामुळे प्रश्न उलटा: जुन्या व्हॅक्यूमच्या नळ्या, थकलेला रेडिएटर आणि इंटरकूलर आधी नवे करा, मग बूस्ट वाढवायचा विचार. एकच मोठा टर्बो लावला की वर आकडा फुगतो, पण शहरात जो खालचा टर्बो हात देत होता तो जातो. कॉम्प्रेशनचे सहा आकडे मात्र त्यांनाही चुकत नाहीत.

तुम्ही टेस्ट करून घ्या आणि सहा आकडे, स्टार्टर मारताना इंजिनाचा वेग, आणि पहिल्या गिअरला काटा ८,००० पर्यंत मोकळेपणाने गेला की सात हजाराच्या पुढे अडला, एवढं लिहून पाठवा. टर्बोचं त्यानंतर बोलू.